खांदेरीचं दार

मुंबईच्या आकाशातून विमान कसं न्यायचं, हे अश्विनी डुबल कराडमध्ये जेवणाच्या टेबलाशी बसून शिकली. समोर नकाशा पसरलेला, हातात लाटणं, पायाशी दोन पाट. लाटणं म्हणजे विमानाची दांडी आणि पाट म्हणजे पायातले पेडल. ऐकणाऱ्याला हसू येईल, पण वैमानिकांची ही जुनी रीत आहे. खरं विमान न्यायच्या आधी तोच प्रवास खुर्चीत बसून पुन्हा पुन्हा करायचा. कुठं वळायचं, कुठं कुणाशी काय बोलायचं, सगळं तोंडपाठ होईपर्यंत. शहाणे लोक हे एकट्यानं, मनातल्या मनात करतात. अश्विनीला मात्र समोरून विमानतळाचा टॉवर म्हणून बोलणारं कुणीतरी लागायचं, आणि ते काम तिनं नवऱ्याच्या गळ्यात घातलं होतं.

नवरा म्हणजे रणजित डुबल, कुस्तीच्या मैदानाचा निवेदक. सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या यात्रांमध्ये कुस्त्यांचा फड लागला की माईकवर रणजितच हवा, असा पंचक्रोशीचा हट्ट असे. दोन पैलवान नुसतेच एकमेकांच्या मानेवर हात टाकून उभे असले तरी हा माणूस बोलून बोलून लोकांना जागचं हलू देत नसे. टेबलाशी बसला तरी त्याच्यातला निवेदक गप्प बसायचा नाही. "मंडळी, डुबलवहिनींचं विमान खांदेरीला आलेलं आहे, समोरून हवाई टॅक्सी येतीय, वहिनी आता घिस्सा मारत्यात का ढाक लावत्यात, बघा." अश्विनी हसायला लागली की तोच दटावायचा, "हसू नको. टॉवर काय म्हणाला ते परत म्हणून दाखव."

परत म्हणून दाखवणं हा उडण्यातला पहिला धडा. टॉवरनं एक हजार फूट सांगितलं, तर वैमानिकानं नुसतं 'हो' म्हणून भागत नाही. त्यानं 'एक हजार फूट' असं म्हणायचं, मग टॉवर 'बरोबर' म्हणणार, आणि तेव्हा कुठं ते बोलणं पुरं झालं. न कळता 'हो' म्हणणारी माणसं विमानं आपटतात, असं कराडच्या फ्लाइंग क्लबचे कॅप्टन शकील मुजावर पहिल्याच तासाला सांगत. उसावर औषध मारणारे ड्रोन भाड्यानं देण्याचा अश्विनीचा धंदा होता. त्या नादात पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिनं खासगी वैमानिकाचा परवाना काढला, आणि हा धडा तिनं कधी चुकवला नाही. निदान विमानात तरी नाही.

तोवर मुंबईचं आकाश पूर्वीचं राहिलं नव्हतं. दोन मोठे विमानतळ तर होतेच, त्यात हवाई टॅक्सी आल्या, सामान पोचवणारे ड्रोन आले, आणि एवढ्या गर्दीला माणसांचा टॉवर पुरेना. मग ते काम एका यंत्रणेकडे गेलं. तिचं सरकारी नाव लांबलचक होतं; वैमानिक तिला वाटाड्या म्हणत. टॅक्सींशी आणि ड्रोनशी वाटाड्या बोलत नसे, नुसते आकडे पाठवी, आणि ती यंत्रं पापणी लवायच्या आत वळत. पंचाईत होती ती अश्विनीसारख्या हौशी माणसांची. माणसाला आधी ऐकावं लागतं, मग ते समजावं लागतं, मग तोंडानं म्हणावं लागतं आणि त्यानंतर हात हलतो. या सगळ्याला लागणारा उशीर वाटाड्या मोजत असे, आणि तेवढ्या उशिरात विमान जितकं पुढं जाईल तितकी रिकामी हवा त्याच्याभोवती राखून ठेवत असे. त्या रिकाम्या हवेला मोकळीक म्हणत. पंगतीत एखादा ऐसपैस मांडी घालून बसला की बाकीच्यांना सरकून बसावं लागतं, तसलाच प्रकार. ज्याची मोकळीक फार मोठी, त्याला मुंबईच्या आकाशात प्रवेश नाही. दक्षिणेकडून येणाऱ्यांचा प्रवेश अलिबागजवळच्या खांदेरी बेटावरून होई, म्हणून त्या जागेला सगळे खांदेरीचं दार म्हणत.

ही मोकळीक कमी करायची युक्ती मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनी दिली. एक गोष्ट त्यांना आधीपासून माहीत होती. चार माणसं एकदम बोलत असली, मागं गोंगाट असला, तरी आपल्या माणसाचा आवाज आपल्याला लवकर कळतो. वर्षानुवर्षं ऐकून मेंदूनं त्या आवाजाची वळणं पाठ केलेली असतात. शब्द पुरा व्हायच्या आत त्याला अंदाज आलेला असतो. वाटाड्याच्या अभियंत्यांनी त्याचा फायदा घेतला. वैमानिकानं आपल्या माणसाच्या आवाजाचा नमुना द्यायचा, अर्थात त्या माणसाच्या परवानगीनं, आणि मग वाटाड्या त्या वैमानिकाशी त्याच आवाजात बोलणार. भाषाही तुमची, फक्त शब्द ठरलेले. कुणी आईचा आवाज दिला, कुणी शाळेतल्या मित्राचा. मोकळीक झपाट्यानं उतरायला लागली.

अश्विनीनं कुणाचा आवाज दिला हे सांगायला नको. पण तो देण्याचं निमित्त वाईट होतं. रणजितच्या घशात कर्करोग निघाला होता. स्वरयंत्र काढावं लागेल, असं मुंबईच्या सर्जननी सांगितलं, आणि वर म्हणाले, "त्याआधी बोलून घ्या. भरपूर रेकॉर्ड करून ठेवा, पुढं उपयोगी पडेल." रणजित आठवडाभर बोलत बसला. पेपर वाचला, जुन्या कुस्त्या सांगितल्या, अश्विनीच्या नकाशावरची गावांची नावं वाचली. "खांदेरी, उंदेरी, रेवस, जुहू." तो आवाज वाटाड्याकडे गेला आणि आठ दिवसांनी रणजितच्या गळ्यातून कायमचा गेला.

ऑपरेशननंतर गळ्याच्या मधोमध एक भोक उरलं. त्यातून श्वास घ्यायचा. बोलण्यासाठी बॅटरीवरचं एक यंत्र मिळालं. ते हनुवटीखाली टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. मग एकाच सुरात, गुणगुणल्यासारखा, शब्दांचा आकार असलेला आवाज यायचा. रणजितनं त्याला भुंगा हे नाव ठेवलं. पहिले काही दिवस घरात सगळ्यांनी त्या भुंग्याचं कौतुक केलं, आणि मग एके दिवशी, तो एकच वाक्य तिसऱ्यांदा सांगत असताना अश्विनी म्हणाली, "अहो, राहू दे, उगीच गळ्याला ताण कशाला? मोबाइलवर लिहून द्या ना."

मायेनंच म्हणाली ती. त्याला त्रास होतो, हे खरंच होतं. तिला समजत नव्हतं, हेही खरं होतं, आणि दोन खऱ्यांपैकी सोयीचं तेवढं तिनं तोंडानं सांगितलं. रणजित मोठ्या गोष्टी लिहून द्यायला लागला. लहानसहान, जाता येता सांगायच्या गोष्टी कोण लिहीत बसतो? त्या तो भुंग्यावर बोलायचा, आणि अश्विनी हातातलं काम न थांबवता मान हलवायची. "हो, हो. बघू."

इकडं तिची तालीम जोरात चालू होती. वाटाड्याची तालीम घरबसल्या देता येई. हेडफोन लावायचा, आणि वाटाड्या खोटी गर्दी उभी करून सूचना द्यायचा. रणजितच्या जुन्या, भरदार आवाजात. तिची मोकळीक इतकी खाली आली की कॅप्टन मुजावर खूश झाले. एका दुपारी हेडफोनची बॅटरी संपली म्हणून तिनं आवाज स्पीकरवर टाकला. रणजित स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होता. "डुबल, खांदेरीपासून उत्तरेला वळा, एक हजार फूट राखा," टेबलावरून रणजितचा आवाज आला. "उत्तरेला, एक हजार फूट," अश्विनी म्हणाली. "बरोबर." ती हसत होती. आपण हसतोय हे तिच्या ध्यानातही नव्हतं. ते ध्यानात आलं दारात उभ्या असलेल्या रणजितच्या. तो जरा वेळ ऐकत राहिला, जसं लोक परक्याच्या घरातलं बोलणं ऐकतात, आणि मग आत निघून गेला. त्यानंतर अश्विनी टेबलाशी बसली की तो चप्पल घालून बाहेर पडायला लागला. जाताना भुंगा घरीच ठेवायचा.

होळीच्या सुमारास दोघं कराडच्या विमानतळावर गेले होते. शेवटची तपासणी करून कॅप्टन मुजावर अश्विनीसाठी मुंबईच्या आकाशात शिरायच्या परवानगीचा अर्ज पाठवणार होते. अश्विनी विमानाभोवती फिरून पंख, चाकं, इंधन बघत होती, आणि हँगरच्या सावलीत बाकावर मुजावर आणि रणजित बसले होते. भुंगा गुणगुणत होता आणि मुजावर मांडीवर थाप मारून हसत होते.

"दादा, खोटं नका सांगू, त्या कुस्तीला मी होतो. तो घिस्सा नव्हताच, पोरगं आपसूक घसरलं."

भुंगा पुन्हा गुणगुणला.

"आता पंचच झोपले होते त्याला मी काय करू?"

अश्विनी हात पुसत जवळ आली. "तुम्हाला कळतं यांचं बोलणं, कॅप्टन?"

"न कळायला काय झालं? पहिल्यांदा नव्हतं कळत. मग परत विचारायचो. दादा काय रागवत नाहीत. चार वेळा विचारलं, पाचव्यांदा कळायला लागलं."

रणजितनं अश्विनीकडं न बघता काहीतरी म्हटलं. मुजावर चाचरत म्हणाले, "मॅडम, दादा म्हणतायत, वाटाड्याला त्यांचा आत्ताचा आवाज देऊन बघा."

"अहो, आता कशाला? अर्ज जायचाय आज."

रणजित उठून सरळ ऑफिसात गेला आणि माईकसमोर बसला. त्याचं मन मोडायला नको म्हणून अश्विनी तयार झाली. त्यानं भुंग्यावर पेपर वाचला, वाटाड्यानं नमुना घेतला, आणि तिनं त्या आवाजात एक तालीम दिली. सूचना येत होत्या आणि तिला धरता येत नव्हत्या. दर वेळी ती थांबायची, अंदाज बांधायची, चुकायची. तालीम संपल्यावर पडद्यावर मोकळीक आली. खांदेरीच्या आसपासही फिरकू देणार नाहीत इतकी मोठी. वाटाड्या आणखी एक गोष्ट मोजायचा, ती त्याखाली उमटली. आवाजाशी ओळख: नाही.

मुजावरांनी पडदा बंद केला, पण उशीर झाला होता. "यंत्र आहे, मॅडम. नवा आवाज म्हटल्यावर…" आवाज नवा नव्हता. दोन वर्षं तो त्यांच्या घरात होता. वाटेवरचा कुणीही माणूस धरून आणला असता तर त्याच्या आवाजाला वाटाड्यानं हाच शेरा दिला असता.

परतताना गाडी अश्विनी चालवत होती. पुढं उसाची ट्रॉली होती, ओलांडता येत नव्हती. रणजितनं भुंगा लावला आणि काहीतरी सांगितलं. सवयीनं तिनं मान हलवली. "हो."

"मी काय म्हणालो ते परत म्हणून दाखव."

हे मात्र तिला पहिल्या झटक्यात कळलं. हे वाक्य तिनं त्याच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं होतं. तिनं गाडी कडेला घेतली. ट्रॉली पुढं निघून गेली, तरी ती समोरच बघत राहिली.

"नाही कळलं," ती म्हणाली. "मला बऱ्याचदा नाही कळत."

रणजित रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. त्यानं तिचा डावा हात उचलला आणि आपल्या मानेवर, कानाच्या खाली ठेवला. कातडीखाली बोराएवढं काहीतरी होतं, घट्ट. मग त्यानं एकेक शब्द सुटा करून सांगितलं. "दिवाळीत सांगितलं हुतं तुला. संक्रांतीला सांगितलं. आत्ता परत सांगितलं. तू म्हणतीस, हो, बघू."

"लिहून का नाही दिलंत?"

त्यानं भुंगा लावला, आणि तिनं जीव कानात आणून ऐकलं, तेव्हा तिला कळलं. "तुला सांगितलं हुतं की. तू हो म्हणालीस. मला वाटलं, तुला कळलं असंल, पण बोलायचं नसंल."

अश्विनी त्या रस्त्याच्या कडेला ओक्साबोक्शी रडली. तिला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही मोठी भीती. दिवाळी ते होळी. त्या गाठीला एवढे महिने तिनं आपल्या हातानं दिले होते.

तपासणीत दुखणं परत आल्याचं निघालं. मुंबईचे सर्जन फोनवर सरळ बोलले. आधी आला असता तर गोष्ट वेगळी होती. आता पुन्हा मान उघडावी लागेल, जिभेचाही भाग जाईल, त्यानंतर नवी औषधं. यश येईलच असं नाही, पण प्रयत्न करायला हरकत नाही. या वेळी भुंग्याचाही उपयोग राहणार नाही, हे त्यांनी शेवटी सांगितलं. अश्विनीनं लगेच तारीख मागितली. सूज उतरवायला आधी औषधांचा कोर्स घ्यायचा होता, म्हणून तारीख पावसाळ्याच्या तोंडावरची मिळाली.

फोन ठेवून तिनं विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?"

"तू आधी ऐकायला शीक," रणजित म्हणाला. हे त्याला दोनदा सांगावं लागलं. "मग बोलू."

दुसऱ्या दिवशी तिनं वाटाड्याकडचा जुना आवाज काढून टाकला. मुजावरांनी फोन करून समजावलं; परवानगी हातातोंडाशी आलीय, मॅडम, उगाच हट्ट करू नका. रणजितला घाटातून गाडीनं नेणं आता सोसवणारं नव्हतं, विमानानं दीड तासाची वाट, जुहूला उतरलं की हॉस्पिटल जवळ. सगळं पटत होतं तिला. जायचं तर विमानानंच. पण वाटाड्या बोलेल तर रणजितच्या आजच्या आवाजात, नाहीतर खांदेरीचं दार तिच्यासाठी बंद राहिलं तरी चालेल, असं तिनं सांगून टाकलं.

आणि मग डुबलांच्या घरात एक विचित्र संसार सुरू झाला. रणजित जे बोलेल ते अश्विनी परत म्हणायची.

"आमटीत मीठ कमी."

"आमटीत मीठ कमी."

"बरोबर."

"खिडकी लाव, धूळ येतीय."

"खिडकी… परत सांगा."

"धूळ येतीय. लाव."

शेजारच्या पवारकाकू दूध द्यायला आल्या, आणि दोघांचा हा पाढा ऐकून हळूच दूध ठेवून गेल्या. रणजितला हसू यायचं, पण हसताना गळ्यातल्या भोकातून नुसती हवा यायची, आणि ते हसू आहे हेसुद्धा अश्विनीला शिकावं लागलं. हळूहळू ओळख पटायला लागली. 'प' आणि 'ब' यांत भुंगा फरक करत नाही, मग तो ओठांवरून धरायचा. चिडला की शब्दांच्या मधे बटण लवकर सुटतं. थकला की वाक्याचा शेवट खातो. एका सुरातल्या त्या गुणगुणीत राग होता, चेष्टा होती, कंटाळा होता; दोन वर्षं सगळं तिथंच होतं. तिनं एकदा विचारलं, या दोन वर्षांत मला आणखी काय काय सांगितलंत? त्यानं आठवून आठवून सांगितलं. आरशासमोर दाढी करायची भीती वाटते. यात्रेला बोलावलं होतं, नुसतं बसायला, तर गेलो नाही. तू त्या टेबलावरच्या रणजितशी हसून बोलतीस, माझ्याशी बोलत नाहीस. तिनं प्रत्येक वाक्य परत म्हणून दाखवलं. काही वाक्यांना तिचा आवाज फुटत नव्हता, तरी म्हटलं.

वाटाड्याच्या तालमीत मोकळीक उतरत गेली. जुन्या आवाजाइतकी नाही, पण उतरत गेली. मे अखेरीस ती हद्दीच्या आत आली आणि परवानगी मिळाली. मुजावरांची एकच शंका होती. ज्याच्या आवाजात वाटाड्या बोलतोय, तोच माणूस शेजारी बसणार. "दादा, खांदेरीच्या आत गेल्यावर एक शब्द बोलायचा नाही. मॅडमना दोन-दोन रणजित झेपायचे नाहीत." रणजितनं कानाला हात लावून कबूल केलं.

जायच्या दिवशी हवा स्वच्छ होती. कोयनेचं पाणी मागं पडलं, डोंगर उतरून विमान कोकणात आलं, आणि मुरुडच्या पुढं किनारा धरून उत्तरेला निघालं. रणजितचं वजन इतकं उतरलं होतं की पट्टा शेवटच्या भोकापर्यंत ओढूनही सैल राहिला. तो समुद्र बघत होता. अश्विनीनं एकदोनदा विचारलं, बरं वाटतंय का, तेव्हा त्यानं मान हलवली. काल रात्रीपासून तो फारसं बोललाच नव्हता.

खांदेरीचं दीपगृह दिसलं तसा कानात भुंगा गुणगुणला. "डुबल, खांदेरीचं दार उघडं आहे. उत्तरेला, एक हजार फूट."

"उत्तरेला, एक हजार फूट, डुबल."

"बरोबर."

आणि ती आत शिरली. समोर मुंबई होती, धुरकट, अफाट, समुद्राला टेकलेली. तिच्या वर, खाली, दोन्ही बाजूंना टॅक्सींच्या रांगा सरकत होत्या, आणि तिच्या छोट्याशा विमानाभोवती तेवढी हवा रिकामी ठेवून वळत होत्या. सूचना भराभर येत होत्या. डावीकडे दहा अंश. वेग कमी. समोर टॅक्सी, दिसली का? ती वाक्य पुरं व्हायच्या आत ओळखत होती, म्हणत होती, वळत होती. जेवणाच्या टेबलावरची इतक्या वर्षांची हौस पायाखालून सरकत होती आणि तिला इतका आनंद झाला की क्षणभर आपण कशासाठी निघालोय हेही ती विसरली.

तेव्हा रणजितनं भुंगा गळ्याला लावला.

"अश्विनी. मला तिथं जायचं नाही. परत कापून घ्यायचं नाही. घरी चल."

तिला शब्दन् शब्द कळला. या घडीला तो कळला नसता तर किती बरं झालं असतं. दोन वर्षं न कळता कळल्याचं सोंग तिनं केलं होतं. आता फक्त उलटं सोंग करायचं होतं. इंजिनचा आवाज होता, कानात वाटाड्या होता, तिनं मान हलवून 'हो, बघू' म्हटलं असतं, आणि दहा मिनिटांत चाकं जुहूला टेकली असती. खाली रुग्णवाहिका उभी होती. सर्जन वाट बघत होते. कदाचित एक वर्ष मिळालं असतं, कदाचित दोन. तो बोलू शकला नसता, पण असता. सकाळी उठून शेजारी बघितलं तर असता.

"आधीच का नाही बोललात?" तिनं विचारलं.

"तू इतकी कष्टानं शिकत हुतीस. मला वाटलं, तुझ्यासाठी जावं. आता ते शहर दिसलं, आणि नाही व्हत माझ्याच्यानं." तो थांबला, धाप लागली होती त्याला. "उरलंय तेवढं बोलायचंय मला. तुझ्याशी."

"डुबल, डावीकडे वीस अंश," वाटाड्या त्याच आवाजात म्हणाला.

"डावीकडे वीस अंश, डुबल." तिचे हात वळले. मग तिनं रणजितकडं पाहिलं आणि परत म्हटलं, हळू, एकेक करून. "तिथं जायचं नाही. परत कापून घ्यायचं नाही. घरी."

"बरोबर," रणजित म्हणाला.

तिनं बटण दाबलं. "डुबल, परत फिरायची विनंती. खांदेरीमार्गे, कराड."

परत फिरणाऱ्यांना वाटाड्या नेहमी विचारतो, तसं त्यानं विचारलं. "विमानात बिघाड आहे का?"

"नाही."

"कारण?"

"प्रवाशाला घरी जायचंय."

तेवढं त्याला पुरलं. टॅक्सींच्या रांगा दूर झाल्या, समुद्राच्या बाजूला जागा झाली, आणि तिनं वळण घेतलं. मुंबई पंखाखाली तिरकी झाली आणि मागं गेली. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. ते तसंच हनुवटीवरून गळत होतं. दार ओलांडून बाहेर पडेपर्यंत तिनं वाटाड्याच्या सगळ्या सूचना न चुकता परत म्हटल्या. बाहेर आल्यावर रेडिओ शांत झाला. खाली किनारा होता, होड्या होत्या, आणि घरापर्यंतचा सगळा रस्ता.

"अहो," ती म्हणाली, "मी एकटी पडेन."

तुझ्या भावाकडं जा, मुजावर आहेत, धंद्यात मन रमव, यातलं काही रणजित म्हणाला नाही. भुंगा उचलायला त्याला दोन्ही हात लावावे लागले. त्यानं तो गळ्याला टेकवला आणि तिच्याकडं बघत म्हटलं, "तू एकटी पडशील."

"बरोबर," अश्विनी म्हणाली, आणि तिनं विमान घराच्या दिशेनं धरलं.